टपाल उजव्या हाताला

मी एक जुना मॉनिटर आहे. धड चौकोनी नाही, धड रुंद नाही, असा मधल्या काळातला. खालच्या कोपऱ्यात माझ्या एक पिवळट डाग आहे आणि चालू झालो की सुरुवातीला मी जरा मिणमिणतो. वय झालं की असं व्हायचंच. हसू नका मित्रांनो, तुमचेही गुडघे एक दिवस वाजणार आहेत.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला आधी लाल केलं, मग हिरवं, मग निळं आणि शेवटी पांढरंशुभ्र. कुठे एखादा ठिपका मेलेला दिसतो का, ते बघत होत्या. एकही सापडला नाही. "पास," त्या म्हणाल्या आणि मी फुगून गेलो. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक!

खोक्यातून बाहेर आलो तो थेट एका वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर. खोली लहान, पण काय नव्हतं तिथे! पितळी पारडी, सोनाराचे नाजूक काटे, दवाखान्यातले बाळं मोजायचे काटे, पोती तोलायचे दांडगे काटे. मालकांनी मला टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांत आधी माझ्या डोक्यावर पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा मधोमध येईना, तेव्हा माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची एक घडी सारली. "आता बरोबर," म्हणाले. मॉनिटरवर काय कोणी भाजी तोलणार होतं? पण स्वभावाला औषध नसतं.

टेबलावर आम्ही दोघे. डावीकडच्या मॉनिटरवर सुट्या भागांची चित्रं आणि माझ्यावर मेलच्या प्रोग्रॅमची खिडकी. मालक मेलला टपाल म्हणायचे. "टपाल उजव्या हाताला," हा त्यांचा नियम. संध्याकाळी मशीन बंद करताना खिडकी माझ्यावर असे आणि सकाळी चालू केलं की ती मुकाट्याने माझ्यावरच उघडे.

गावोगावची माणसं लिहायची, तुमचा काटा चुकीचं वजन दाखवतो. मालक उत्तरात पहिला प्रश्न एकच विचारायचे, "ठेवलाय कुठे?" माणसं वैतागायची. "अहो, काटा बिघडलाय!" "असेलही. पण ठेवलाय कुठे?" मग कळायचं की काटा पंख्याखाली आहे, नाहीतर तीन पायांवर डुगडुगणाऱ्या टेबलावर. काट्याची जागा बदलली की तक्रार मिटायची. मला तर ते प्रश्न वाचायची इतकी सवय झाली होती की मेल उघडायच्या आधीच मी उत्तर ओळखायचो.

खिडकीनेही त्यांना कमी छळलं नाही, बरं का. एकदा कोपर कुठेतरी टेकलं आणि अक्षरं एवढी मोठी झाली की एका 'नमस्कार'ने मी भरून गेलो. एकदा मेल वाचायचा भागच गायब, नुसती नावं उरली. एकदा तर खिडकी पांढरीफटक पडली. मालक शांतपणे चहा घेऊन आले. "काटा स्थिर होईपर्यंत हात लावायचा नसतो," असं मला समजावलं आणि खरंच, कप रिकामा होईपर्यंत खिडकी शुद्धीवर आली. तेव्हा कॉलेजात असलेली त्यांची लेक पोट धरून हसायची. "बाबा, तुम्ही कॉम्प्युटरलाही गिऱ्हाईकच समजता!" काय दिवस होते ते. आठवलं की आजही माझा कोपरा पिवळा होतो. म्हणजे, तो असतोच पिवळा.

दिवस जातात. लेक मोठी झाली, काम शिकली, दुकान तिने हाती घेतलं. मालकांचे हात थरथरायला लागले. चिमट्यात स्क्रू धरवेना. एकेक करत सगळी कामं त्यांच्या हातून सुटली आणि टपाल तेवढं उरलं. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते वरच्या घरातून खाली दुकानात यायचे आणि एकेका बोटाने उत्तरं लिहायचे. एका मेलला अर्धा तास लागला तरी चालेल, पण त्या खुर्चीत बसले की ते कामावर असत.

आणि मग लेकीने मोठा मॉनिटर आणला. बाबांचे डोळे दमतात म्हणून हौसेने आणला हो, मी तिला दोष देत नाही. "आता दोन कशाला? यात सगळं मावतं," म्हणत तिने आम्हा दोघांना काढलं. डावीकडच्याला कोणीतरी घेऊन गेलं. मला जुन्या चादरीत गुंडाळून तिथल्याच कपाटावर ठेवलं. चादर आखूड होती, म्हणून खालचं सगळं मला दिसत होतं. न दिसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मेलचं चित्र दाबलं. खिडकी उघडेना. खालच्या पट्टीवर प्रोग्रॅम चालू दिसतो, पण वर नुसता निळा पडदा. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"बाबा, काय दाबलंत?" लेक हातातलं काम न सोडता म्हणाली.

"काही नाही गं. रोजचंच."

"काहीतरी दाबलं असेल. आठवून बघा."

तिने मशीन बंद करून चालू केलं, तारा काढून लावल्या. तिच्याकडूनही उघडेना. मग तिची खात्रीच पटली, बाबांनी काहीतरी करून ठेवलंय. ती ओरडली नाही. नुसता सुस्कारा सोडला. मालकांनी तो ऐकला.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "माझंच चुकत असणार. आता नाही जमत मला. टपाल तूच बघत जा."

त्यानंतर ते खाली आले नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी पाहून माझा जीव तुटत होता. मला ठाऊक होतं, त्यांचं काहीही चुकलेलं नाही! पण तार नसलेल्या मॉनिटरचं कोण ऐकतं?

शेवटी लेकीने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. गडी जाडजूड आणि हसतमुख. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, प्रोग्रॅम काढून नव्याने टाकू. पासवर्ड सांगा."

पासवर्ड फक्त बाबांना माहीत. म्हणून त्यांना खाली बोलावलं. आले. दाढी वाढलेली, शर्ट घरातला. खुर्चीत बसले नाहीत, मागेच उभे राहिले.

कॉम्प्युटरवाल्याने माउसचा बाण खालच्या पट्टीवर नेला, तसं मेलच्या खिडकीचं इवलंसं चित्र वर आलं.

"थांबा," मालक म्हणाले. "हे काय?"

"खिडकी उघडी आहे, त्याचं चित्र आहे, काका."

"उघडी आहे? म्हणजे बिघडलेली नाही?"

"नाही. पण दिसत नाही ना कुठे."

जुनी सवय हो, दुसरं काय! मालकांच्या तोंडून निघून गेलं, "मग ठेवलीय कुठे?"

"बाबा, तो काय काटा आहे का!" लेक म्हणाली. पण कॉम्प्युटरवाल्याचा हात थांबला होता.

"काका, इथे आधी दुसरा मॉनिटर होता का?"

"होता की. उजव्या हाताला. टपाल त्याच्यावरच असायचं."

"अरे देवा!" त्याने कपाळावर हात मारला. "खिडकी रोज त्याच्यावरच उघडतेय. तो गेला, हे तिला कोणी सांगितलंच नाही. थांबा, दोन बटणं दाबून तिला इकडे ओढतो."

"नको," मालक म्हणाले. "आधी ती मला माझ्या डोळ्यांनी तिथे बघू द्या. चार दिवस मला वाटतंय, माझं डोकं चालेनासं झालं."

लेक कपाटाकडे गेली. स्टूल घेतलं, वर चढली आणि मला पोटाशी धरून खाली उतरवलं. तार लागली. मी मिणमिणलो, मनात म्हटलं, आज तरी नाक कापू नकोस! आणि उजळलो. माझ्यावर खिडकी होती. जिथल्या तिथे, न वाचलेल्या मेलच्या रांगेसकट. मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

"म्हणजे मी काही बिघडवलं नव्हतं," मालक म्हणाले.

"नाही, बाबा." लेक म्हणाली. "तुम्ही रोज बरोबरच करत होतात. जागा मी काढून घेतली."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि माउस त्यांच्या हाताशी सरकवला. "तुम्हीच आणा तिला इकडे."

मालक बसले. त्यांनी खिडकी ओढली. क्षणभर ती अर्धी माझ्यावर, अर्धी त्या नव्यावर होती. मग पूर्ण पलीकडे गेली. बंद करून उघडली, तर तिथेच उघडली. अक्षरं मोठी, स्वच्छ. मालकांना चष्मा वर करावा लागला नाही. खरं सांगतो, वाईट वाटलं. पण त्यांचा चेहरा बघून ते पुसलंही गेलं.

"हा भंगारात टाकायचा ना?" कॉम्प्युटरवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

लेकीने माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मालकांकडे एकदा बघून माझ्या डोक्यावर पाणसळही ठेवली. मग स्वतःचं स्टूल बाबांच्या शेजारी ओढलं आणि सुट्या भागांची चित्रं माझ्यावर उघडली. "हा माझा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मालक दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. तेव्हापासून टपाल डाव्या हाताला असतं आणि लेक उजव्या हाताला.

तर मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसत जा, तारा ओढताना हळू ओढा, हे तर सांगतोच. पण घरातलं एखादं माणूस "मला आता जमत नाही" म्हणालं, तर सुस्कारा सोडू नका. त्याची जागा आपणच तर हलवली नाही ना, ते आधी बघा.