ठमीचा राखाडी कोट

मी एक जुना राखाडी कोट आहे, मित्रांनो, आणि मला शिवणाऱ्या माणसाने त्याआधी आयुष्यात एकही कोट शिवला नव्हता.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, पँटी, झालंच तर उशांचे अभ्रे, हा त्यांचा धंदा. गाव उष्ण. थंडीच्या दिवसांतही लोक सकाळी कानाला मफलर गुंडाळत आणि ऊन वर आलं की त्याच मफलरने घाम पुसत. अशा गावात कोट कोण शिवून घेणार?

पण मास्तरांच्या एकुलत्या एका मुलीला परदेशात नोकरी लागली. ती फिजिओथेरपिस्ट होती. आजारपणाने किंवा अपघाताने ज्यांचे हातपाय आखडतात, त्यांच्याकडून व्यायाम करून घेऊन त्यांना पुन्हा हिंडतं-फिरतं करायचं, हे तिचं काम. कागदोपत्री तिचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण घरात ती ठमीच. तिकडे बर्फ पडतो हे कळल्यावर आई म्हणाली, "तिथे गेल्यावर घेईल की दुकानातून एखादं जाकीट."

"शिंप्याची पोर दुकानातलं घालणार?" मास्तर म्हणाले, आणि विषय संपला.

मास्तरांनी लोकरीचं जाड कापड आणलं. म्हणजे त्यांच्या मते ते जाड होतं. एका जुन्या मासिकातला फोटो भिंतीला टाचून, त्याच्याकडे बघत बघत त्यांनी मला बेतलं. माझी कॉलर त्यांनी दोनदा उसवली. ठमी मापाला उभी राहिली की विचारायची, "बाबा, श्वास घेऊ का?" मास्तर तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायचे, "घे, पण थोडा." गणवेशांची कामं मागे पडली, मुलांचे पालक येऊन कुरकुरून गेले. शेवटी मला मरून रंगाचं गुळगुळीत अस्तर लागलं, चार मोठी बटणं लागली, आणि मास्तरांनी मला दुकानाच्या दारात टांगलं. येणारा-जाणारा थांबून हात लावून बघे. समोरचा चहावाला म्हणाला, "मास्तर, हा घालून माणूस उकडून निघेल." मास्तरांना तेवढंच ऐकायचं होतं.

मित्रांनो, माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं ते असं, मला कुणी घालायच्या आधीच.

विमानतळाच्या काचेच्या दारातून ठमीने बाहेर पाऊल टाकलं आणि वारा माझ्यातून आरपार गेला, जसा चाळणीतून जावा तसा. मी अंग आवळून धरायला बघितलं. पण कापडाला काय आवळता येतं? ठमीने हात काखेत घातले आणि बस येईपर्यंत ती जागच्या जागी पाय आपटत राहिली. खोलीवर पोचल्यावर तिने घरी फोन लावला. मास्तरांचा पहिला प्रश्न आला, "कोट कसा आहे?"

"मस्त आहे बाबा. उकडतंय जवळजवळ."

तिकडे मास्तर खूश होऊन हसले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ही बातमी कळली असणार.

खोली एका घराच्या माळ्यावर होती. खाली घरमालकीण एकटीच राहायची. पगार जमा व्हायला ठमीला बँकेत खातं उघडायचं होतं. बँकेतली बाई म्हणाली, पत्त्याचा पुरावा आणा. घरमालकीण म्हणाली, आधी बँकेचं खातं दाखवा, मग भाडेकरार करू. ठमी या दोघींमध्ये हेलपाटे घालून घालून रडकुंडीला आली. भाषा तिला येत होती, पण ती पुस्तकातली. दुकानातला माणूस भराभर काहीतरी विचारायचा, ती "हो" म्हणायची, आणि घरी आल्यावर पिशवीत नको ती वस्तू निघायची.

खरा धक्का कामावर, व्यायामोपचाराच्या केंद्रात बसला. पहिल्याच दिवशी तिथल्या व्यवस्थापक बाईंनी तिला बसवून घेतलं आणि सांगितलं, "तुमची पदवी इथल्या वैद्यकीय परिषदेने अजून मान्य केलेली नाही. परवाना मिळेपर्यंत तुम्हाला रुग्णांवर उपचार करता येणार नाहीत. तोवर मदतनीस म्हणून काम करा."

"पण नेमणूक तर फिजिओथेरपिस्ट म्हणून झाली आहे," ठमी म्हणाली.

"परवाना आला की होईल."

तेव्हापासून ठमी टॉवेलांच्या घड्या घालू लागली. व्यायामाची बाकं पुसायची, चाकाच्या खुर्च्या ढकलायच्या, पाण्याचे पेले भरायचे. समोर एखादा रुग्ण दांड्याला धरून पहिलं पाऊल टाकत असला की तिचे हात शिवशिवायचे. ती ते हात टॉवेलात गुंडाळून घ्यायची.

मी दिवसभर पत्र्याच्या कपाटात टांगलेला असे. कपाटाच्या फटींतून मला बाहेरचं ऐकू यायचं. माणसं वाईट नव्हती. सगळे हसून नमस्कार करत आणि पुढे जात. तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं त्यांनी ठेवलं होतं, बाकीचं कुणाला उच्चारता येत नव्हतं. दुपारी एकत्र जेवताना ते आपापसांत अशा गोष्टींवर हसत, ज्यांची सुरुवात ती यायच्या कितीतरी आधी झाली होती. मग ती डबा घेऊन कपाटांसमोरच्या बाकावर यायची आणि माझ्याकडे पाठ करून एकटीच जेवायची.

त्या पहिल्याच महिन्यात तिला थंडी बाधली. तापाने ती तीन-चार दिवस पडून होती. कुणाला पत्ता नाही. ताप उतरल्यावर ती बाहेर गेली आणि येताना पिसं भरलेलं, फुगीर, काळं जाकीट घेऊन आली. माझ्या खुंटीवर ते गेलं आणि मी कपाटात गेलो. मला राग आला नाही, मित्रांनो. लाज मात्र वाटली. तिला ऊब देण्यासाठीच तर माझा जन्म झाला होता.

रविवारी मात्र मला बाहेर काढलं जाई. घरी व्हिडिओ फोन लावायच्या आधी ठमी घरातल्या कपड्यांवर मला चढवायची, बटणं लावायची आणि खिडकीजवळ बसायची, म्हणजे ती आत्ताच बाहेरून आली आहे असं वाटावं.

"पेशंट काय म्हणतात?" मास्तर विचारत.

"छान आहेत. एक आजोबा चालायला लागले या आठवड्यात."

ते खरंही होतं. आजोबा चालायला लागले होते. फक्त त्यांना चालवलं दुसऱ्याच कुणीतरी. ठमीने त्यांचा टॉवेल धरला होता.

फोन ठेवल्यावरही ती मला अंगातून काढत नसे. तशीच बसून राहायची. त्या अख्ख्या गावात तिची भाषा जाणणारा मी एकटाच होतो, आणि मला तर बोलताच येत नाही.

वर्ष गेलं. परवान्याच्या परीक्षेची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. मग मास्तर फोनवर म्हणाले, "एकदा येऊन तुझं काम बघतो."

"थंडीत नका येऊ बाबा. सोसणार नाही."

"थंडीचं काय सांगतेस? तुला तर तिथे उकडतं."

आईला विमानाची धास्ती होती, म्हणून मास्तर एकटेच आले. ठमी त्यांना आणायला गेली ती आत दोन स्वेटर आणि वर मला घालून. मास्तरांच्या अंगात माझ्याच उरलेल्या कापडाची बंडी होती. काचेचं दार उघडलं, वारा आला आणि मास्तर जागच्या जागी थांबले. त्यांनी माझ्या कॉलरचं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलं, दुकानात कापड पारखतात तसं. मग ठमीचा हात हातात घेतला. तो गारठला होता.

खोलीत शिरताच त्यांना खुंटीवरचं काळं जाकीट दिसलं. ते पलंगाच्या कडेला टेकले.

"हे कधीपासून आहे?"

"पहिल्याच महिन्यापासून," ठमी म्हणाली.

"आणि दर रविवारी हा घालून बसायचीस, ते मला दाखवायला?"

"तुम्ही एवढ्या हौसेने शिवला होता, बाबा."

"अगं, मी शिंपी आहे. कपडा अंगाला झाला नाही तर गिऱ्हाईक सरळ परत आणून टाकतं, वर चार शब्द सुनावतं. मी निमूट उसवायला घेतो. त्यात मला काय लागायचंय? गिऱ्हाईक मानतं तितकंही तू मला आपलं मानलं नाहीस."

मग मास्तरांनी विचारलं, "आणखी काय काय छान चाललंय?"

तेव्हा तिने सांगितलं. टॉवेल, बाकं, खुर्च्या, पत्र्याच्या कपाटांसमोरचं जेवण, सगळं. बोलताना ती सिंककडे तोंड करून उभी होती आणि धुतलेलाच कप पुन्हा पुन्हा धूत होती.

"घड्या तरी नीट घालतेस ना?" मास्तरांनी विचारलं.

"बाबा."

"विचारतो आपलं. परत यायचंय का?"

"माहीत नाही. परीक्षा उन्हाळ्यात आहे. पास झाले तर माझं काम मला मिळेल. नाही झाले तर बघू."

"दोन्ही चालेल. पण रविवारी आईला तू स्वतः सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही."

तिने सांगितलं. आई आधी रागावली, मग खूप वेळ बोलत राहिली.

ठमी कामावर गेली की मास्तर दिवसभर खोलीत एकटे असत. दुकानात त्यांचं तोंड कधी बंद नसायचं. इथे ते खिडकीतून रस्त्याकडे बघत आणि रस्त्यावर कुणी नसे. एका दुपारी ते मला कपाटातून काढून मांडीवर घेऊन बसले आणि मोठ्याने म्हणाले, "असल्या शांततेत पोरीने वर्ष काढलं." मग उठून खाली गेले. हातवारे करून त्यांनी घरमालकिणीकडे एक जुनी दुलई मागितली आणि बदल्यात तिच्या जिन्यातला फाटका पडदा शिवायला घेतला.

स्वयंपाकाच्या टेबलावर त्यांनी मला उलटं पसरलं. अस्तर उसवलं, दुलईचे तुकडे कापून आत बसवले आणि हाताने बारीक टाके घालत सगळं पुन्हा बंद केलं. मशीन नव्हतं, त्यामुळे पुष्कळ दिवस लागले. घरमालकीण आधी दारात उभी राहून बघत होती. मग खुर्ची ओढून बसू लागली. ती तिच्या भाषेत बोलायची, मास्तर त्यांच्या. एकाचं अक्षर दुसऱ्याला कळत नव्हतं, पण दोघांची बडबड अखंड चाले.

दिसायला मी पार गादीसारखा झालो. खांदे उतरले, पोट सुटलं. पण वारा आत येईना.

मास्तर परत गेले त्या दिवशी ठमी विमानतळावरून मला घालूनच आली. ती गारठली नाही. खोलीत मात्र तिने सवयीने दोन कप चहा टाकला आणि मग एक ओतून दिला. तेवढी सोबत अस्तराच्या आत भरता येत नाही, मित्रांनो.

पहिल्या खेपेला ती परीक्षेत नापास झाली. तोंडी परीक्षेत तिचे उच्चार परीक्षकांना समजले नाहीत. ती घरी आली, मला घातलं नाही की काही नाही, जशी होती तशी बसून तिने फोन लावला. "नापास झाले," एवढंच म्हणाली. आई म्हणाली, "बरं. जेवलीस का?" दुसऱ्या खेपेला पास झाली. आता ती रुग्णांना चालवते. तिचं पूर्ण नाव छातीवरच्या बिल्ल्यावर आहे आणि दोन-तीन जणांना ते नीट म्हणताही येतं. सुट्टीचे दिवस अजूनही लांबलचक असतात. घरमालकीण कधी कधी वर येऊन बसते.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या केंद्रात एक नवी स्वयंपाकीण आली. ती आणखीच कुठल्या तरी देशातली, दोन मुलांना आईकडे ठेवून आलेली. अंगावर नुसती विणलेली शाल. "थंडी वाजत नाही का?" ठमीने तिला विचारलं. "नाही, बरं वाटतं," ती म्हणाली आणि हात शालीत लपवले. ठमीने आणखी काही विचारलं नाही. रविवारी तिने घरी फोन लावला.

"बाबा, कोट देऊन टाकते आहे."

मला वाटलं, आता मास्तर दुखावणार.

"उंचीला कशी आहे ती?" त्यांनी विचारलं.

"माझ्यापेक्षा उंच."

"मग बाह्या आखूड होतील. आत दोन बोटं कापड दुमडलेलं आहे, ते सोडव. तिला समोर बसव आणि घाई करू नकोस."

शिंप्याच्या मुलीने कधी सुई धरली नव्हती. ती माझ्या बाह्या उसवत, वाकडेतिकडे टाके घालत बसली होती आणि स्वयंपाकीण एक हात पुढे करून समोर बसली होती. बराच वेळ दोघी नुसत्याच होत्या. मग स्वयंपाकीण हळूहळू, मोडक्या भाषेत, मुलांबद्दल सांगू लागली. ठमीने सुई खाली ठेवली.

मित्रांनो, आता मी स्वयंपाकिणीच्या घरी असतो. इथली भाषा मला येत नाही आणि कधी कधी फार एकटं वाटतं. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत लांबून कुणी आलं असेल, तर त्याला कपडे द्या, खाऊ द्या, जे जमेल ते द्या. पण "ठीक आहे" असं ते म्हणालं की लगेच उठून जाऊ नका. थोडं बसा.