फोटोखालचा वायरिंगचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना वायरिंगचा नकाशा आहे. जुना म्हंजे लई न्हाय हां, रंग उडालाय म्हणून म्हणायचं. कळंबच्या अलीकडं एका गावात टाकीशेजारी पत्र्याची खोली हाय, तिच्यात गावाच्या पाण्याच्या मोटरीचा स्टार्टर, आन् स्टार्टरच्या झाकणाला आतून मी चिकटलेलो. डावीकडच्या कॉन्टॅक्टरवर, म्हंजे आतल्या मोठ्या स्विचवर, मोटर हळू उठती, उजवीकडच्यावर जोरात पळती. कुठली वायर कुठं जोडायची, ते माझ्यावर रेघांनी काढलेलं. बास, एवढंच माझं काम.

मोटर चालवणारा योगीराज आधी माझ्यावर बोट फिरवून येईल त्याला दावायचा, "बघा, ह्याच्यावर बघून कुणीबी जोडंल!" मला भारी वाटायचं. तवा वाटायचं.

मग एकदा स्टार्टरमधी ठिणगी उडाली. झालं काहीच न्हाय, पण शेजारच्या द्वारकाबाईनं तुळजापूरहून आणलेला भवानीआईचा फोटो डिंक लावून थेट माझ्यावरच डकवला. झाकण उघडलं की लोक हात जोडायचे, तिला. मी खाली अंधारात. राग आला का? न्हाय. काहीच आलं न्हाय.

यंदा उन्हाळ्यात एक कॉन्टॅक्टर जळाला. योगीराजनं नवा आणला, आन् टाकीत खडखडाट म्हणून घाईत सगळ्या वायरी एकदमच सोडल्या. वायरींवर अक्षरं होती, पण कुठलं अक्षर कुठं जोडायचं ते फक्त माझ्यावर. चुकलं तर मोटर जळणार, आन् गावाला मोटर एकच.

"मावशी, नकाशा आईच्या खाली हाय," योगीराज द्वारकाबाईला म्हणला.

"मग काढ की फोटो."

"म्या न्हाय काढणार. तुमी डकवलाय, तुमीच काढा."

"व्हय रं! वायरी उपटताना बरा हात चालला तुझा!"

द्वारकाबाईनं ओला हात फिरवला, "माफ कर गं आई" म्हणली आन् फोटो सोलला. चर्रर्र! माझ्या रेघांची पापडी फोटोच्या पाठीवर गेली, झाकणावर नुसता पांढरा कागद. दुखलं न्हाय, मित्रांनो. खरंच न्हाय.

फोटोची पाठ बघत योगीराज जोडत सुटला. यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, पटापट. झेडपाशी थांबला.

"मावशी, ह्यो झेड उलटा का?"

"मला इचारतुस? मला सुलटा तरी कुठं येतो!"

बाकीची अक्षरं आरशात धरली तरी तशीच दिसतात, झेड तेवढा फिरतो. म्हंजे मी सगळाच उलटा निघालो होतो, डावं उजवीकडं. जोडलेलं सगळं चूक! "मावशी, आरसा आणा!" योगीराज वरडला. द्वारकाबाई पळत जाऊन घरातला आरसा घेऊन आली आन् फोटोच्या पाठीसमोर धरून उभी राहिली. आरशात मी सुलटा झालो. त्यानं सगळं सोडून परत जोडलं आन् बटण दाबलं. मोटर घुमली, पळाली, टाकीत धो धो पाणी पडायला लागलं.

आता आईचा फोटो भिंतीला टांगलाय, अर्धा मी तिच्या पाठीला, अर्धा झाकणाला. योगीराजनं झाकणावर ऑइलपेंटनं नवा नकाशा काढलाय. छान काढलाय. मला काय वाटत न्हाय.

तरी सांगतो मित्रांनो, तुमच्याकडच्या झाकणात असा कुणी असंल तर त्याला झाकू नका, आन् वायर सोडायच्या आधी त्याच्याकडं एकदा बघा. माझ्यासाठी नगा बघू. मला तहान लागत न्हाय, तुमाला लागती.