नऊ साप आणि एक दोरीवाला

ग्रीक पुराणातली ती बाई, जिच्या डोक्यावर केसांऐवजी साप आणि जिच्याकडे बघणारा जागच्या जागी दगड होतो, तिची यथेच्छ टिंगल करणाऱ्या गाण्यांच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. साप नऊ, सगळे रबराचे. त्यांच्या दोऱ्या पडद्याआड स्टुलावर बसलेल्या दोरीवाल्याच्या बोटांना बांधलेल्या. आणि ते साप डोक्यावर घेऊन कॅमेऱ्यापुढे उभी होती त्याचीच लेक.

दिग्दर्शकाने तिला स्पष्ट सांगितलं होतं, "आज तू गा. जमलं तर तुझा आवाज ठेवू, नाहीतर दुसरीचा घालू." टेक एकच, कारण साप पुन्हा बसवायचे म्हणजे अख्खा दिवस गेला. दोरीवाल्याला काही आशा नव्हती. घरी ती गायला लागली की तो म्हणायचा, "बाई गं, कोकलू नकोस, डोकं उठतं." तिचं एकही गाणं त्याने धड ऐकलं नव्हतं.

पहिली दोन कडवी हसून पोट दुखेल अशी. लग्नाला आलेला जो तो दगड, आता अंगणात पुतळे मावेनात! साप झकास नाचत होते. लाइटवाला तोंडात रुमाल कोंबून उभा होता.

तिसऱ्या कडव्यात ती पुतळ्यांवरची धूळ पुसत म्हणाली, "पाहिलंत सगळ्यांनी, ऐकलं कुणीच नाही."

आणि आवाज असा काही वर गेला की दोरीवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे आपल्या घरात होतं? भिंतीपलीकडच्या खोलीत, इतकी वर्षं? त्याचे हात वर गेले ते तिथेच राहिले.

"कट! दोरीवाले, साप का थांबले? वाट लावलीत टेकची!"

दोरीवाल्याने हात खाली घेतले. आपल्याच हाताने आपण पोरीचं नुकसान केलं.

दिग्दर्शकाने चरफडत टेक मॉनिटरवर लावला. तिसरं कडवं आलं. आवाज वर चढला आणि नऊच्या नऊ साप माना ताठ करून स्तब्ध झाले, ऐकत राहिले. सेटवर कुणी हसलं नाही. दिग्दर्शकाने टोपी काढली.

"आवाज हाच राहील," तो हळूच म्हणाला. "सापही असेच."

लेक पडद्यामागे आली. "बाबा, दोऱ्या गुंतल्या होत्या का?"

"नाही गं," तो म्हणाला. "मीच दगड झालो होतो."