विहिरीतली मादिराँ

"मावशी, माझ्या बाटल्या कुठायत?"

अनिमेष मागच्या खोलीच्या उंबऱ्यातच थबकला. भाताच्या कणगीमागची जागा छान सारवून ठेवलेली होती आणि तिथे काही म्हणजे काही नव्हतं.

"घट बसल्यात न्हवं," सारजाबाई निवांतपणे म्हणाली. "देवी घरात आन् दारू बी घरात, आसं कसं चालंल? भायेर काडल्या."

"बाहेर? उन्हात?"

"उन्हात कशाला? हिरीत सोडल्यात."

अनिमेषने कपाळावर हात मारला. ओसरीवर बसलेली मेधा मात्र खळखळून हसली. गेल्या वर्षभरात ती अशी हसली नव्हती, पण त्याचं लक्षच नव्हतं. नवरा बाटल्यांच्या काळजीत असला की बायको हसते का रडते, त्याला कुठलं दिसायला!

अनिमेष मूळचा परभणीचा, राहायला सूसला, नोकरी सॉफ्टवेअरची. कंपनीने त्याला कामासाठी अधूनमधून फ्रान्सला, तुलूझला पाठवलं. बाकीचे तिथून अत्तरं आणि चॉकलेटं आणत. याला नाद लागला तो ठेवून मुरवायच्या लाल वाइनचा. नामांकित वाइनच्या किमती पाहून त्याने लांबूनच हात जोडले, आणि पगारदाराला परवडेल, तरी वर्षानुवर्षं टिकेल अशी वाइन शोधायला सुट्टीच्या दिवशी दुकानं पालथी घातली. शेवटी तो मादिराँ आणि काओर या आडबाजूच्या गावांच्या वाइनवर येऊन थांबला. नवी असताना ही वाइन हिरडा चघळल्यासारखी तुरट लागते. दहा-बारा वर्षं अंधारात, गारव्यात आडवी ठेवली की निवते. दर फेरीला तो एक-दोन बाटल्या आणी. सूसचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट उन्हाळ्यात भाजून काढतो, म्हणून दरवर्षी ज्यांच्याकडून इंद्रायणी तांदूळ घ्यायचा, त्या माले गावच्या भैरू आणि सारजाबाईंच्या मातीच्या भिंतींच्या खोलीत त्याने त्या ठेवल्या. ऑफिसातले मित्र म्हणत, "पिऊन टाक ना यार!"

गेल्या वर्षी मेधाला कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिने विचारलं, "आपल्या लग्नाच्या वर्षाची ती मादिराँ उघडायला मी असेन ना रे?" तो "हो" म्हणाला आणि पाणी आणायच्या निमित्ताने खोलीबाहेर गेला. त्यानंतर त्या घरात पुढच्या वर्षाचं नाव कुणी काढलं नाही. सहलीचं नाही, सणाचं नाही, फ्लॅटला रंग लावायचंही नाही. आणि काल डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाले, "सगळं साफ आहे, आता आजार नाही. मजेत राहा." वाइनचं विचारल्यावर हसून म्हणाले, "घोटभर घ्या." सकाळ होताच दोघं मालेला निघाले होते.

विहिरीवर भैरू दोर ओढायला लागला.

"अहो, गोठ्यात का नाही ठेवल्या?" अनिमेषने विचारलं.

"गोठ्यात?" सारजाबाईने नवऱ्याकडे बोट केलं. "ह्येंनी आन् भावजींनी येका बैठकीत संपवल्या आसत्या!"

"आयला! म्हंजी मी रोज हितनंच पानी शेंदतोय, आन् मला पत्ताच न्हाई!" भैरू खरोखरच हळहळला.

पोतं वर आलं. बाटल्या धड होत्या, गार होत्या आणि एकीवरही लेबल नव्हतं. कागदाचा लगदा पोत्याला चिकटला होता. लग्नाच्या वर्षाची कुठली, ते आता ओळखायचं कसं? अनिमेष एकेक बाटली उन्हाकडे धरून बघत बसला. सगळ्या सारख्याच काळ्या.

"काढ कुठलीही," मेधा म्हणाली.

"ताई, देवीम्होरं नगं हां. हितंच आंब्याखाली बसा," असं म्हणून सारजाबाईने दोन स्टीलचे पेले आणून दिले.

बूच निघालं. त्यावर साल छापलेलं होतं. लग्नाचं नव्हतं. अनिमेषने आधी स्वतः चाखायची हिंमत केली नाही, पेला मेधाच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. आंबून गेली असेल तर? इतकी वर्षं थांबून शेवटी व्हिनेगरच निघालं तर?

मेधाने घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

"चांगली झालीये रे," ती म्हणाली. "वाळल्या जांभळासारखी. अजिबात बोचत नाही."

अनिमेषचा जीव भांड्यात पडला. मग त्याने घाईघाईने दुसरी बाटली उचलली. "थांब, आपली शोधतो. एकेक उघडत गेलो की सापडेल."

"काही नको." मेधाने त्याच्या हातातून बाटली काढून घेतली आणि परत पोत्यात ठेवली. "पुढच्या वर्षी एक उघडू. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. सापडेल तेव्हा सापडेल."

ती हे बाजारातून कोथिंबीर आणायची असावी तितक्या सहज म्हणाली. अनिमेषचे डोळे भरून आले होते, ते त्याने पुसलेही नाहीत.

"घट उठलं की परत खोलीत ठिवते," सारजाबाई म्हणाली. "तवर ऱ्हाऊ द्या हिरीत."

भैरू पुढे झाला, पण दोर अनिमेषने स्वतःच घेतला. पोतं हळूहळू खाली जाऊ लागलं, आणि मेधा काठावर वाकून म्हणत राहिली, "सावकाश. अरे, सावकाश."