फुलांवर पाय

"वहिनी, ओरडू नकोस. दचकून पळेल ती," नणंद हळूच म्हणाली, आणि चिमीच्या आईने उघडलेलं तोंड मिटलं.

तीन वर्षांची चिमी दोरीखालून पलीकडे गेली होती. राखीव टेकडीच्या पोटात जुनी खाण होती, आणि चिमी उभी होती तिथली उघडी जमीन बशीसारखी खचली होती. तिच्या आणि या दोघींच्या मधे कातळाचा एक पट्टा तेवढा भक्कम होता. त्यावर दुर्मीळ पिवळी फुलं होती. नणंद इथे नोकरीला लागल्यापासून त्यांना जिवापाड जपत आली होती.

"चिमे, फुलांवरून सरळ आत्याकडे ये बघू."

"नाही. फुलांवर पाय नाही द्यायचा. तूच म्हणालीस ना!"

आणि शहाण्यासारखी ती फुलांना वळसा घालायला आणखी खचलेल्या बाजूला वळली. तिच्या पायाखालची माती सरकली. सकाळपासून वहिनीला "भित्री भागूबाई" म्हणून चिडवणारी नणंद पांढरीफटक पडली.

मग नणंदेने फुलांत पाय टाकला आणि ती कचाकच तुडवायला लागली. "आज सगळं चालतं! बघू कोण जास्त तुडवतं!"

चिमी थबकली. तिने आईकडे पाहिलं.

आईही फुलांत शिरली. ओठांवर कसंबसं हसू आणत म्हणाली, "ये गं, मी जिंकतेय!"

चिमी खिदळत फुलांत घुसली. आईने तिला उचलून घट्ट कवटाळलं.

"आता खाली ठेवू नकोस तिला," नणंद म्हणाली, आणि तुडवलेल्या फुलांकडे न बघता दोघींना दोरीबाहेर घेऊन आली.