न कापलेली पानं

दोष मोठ्या काकांचा. दुर्मीळ पुस्तकांच्या ग्रंथालयाचे ते ग्रंथपाल. कॉलेज सोडलेल्या पुतण्याला तिथे चिकटवून त्यांनी घरभर उपकार मिरवले. महिनाभर अंगठा लावून हजेरी भरली की नोकरी पक्की, मग बाबांपुढे कॉलेजसाठी नाक घासायला नको, एवढ्यासाठी मी त्यांचे टोमणे गिळत होतो. त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याला मात्र रेषाच नव्हत्या. वापरून झिजलेल्या साबणासारखा गुळगुळीत. हजेरीचं यंत्र त्यांना ओळखत नसे, म्हणून ते सही करत. शिस्त आमच्यासाठी.

जुन्या पुस्तकांची नोंदणी करताना हसू आवरत नसे. संगीतावरच्या ग्रंथात कानातले कापसाचे बोळे. ब्रह्मचर्यावरच्या ग्रंथात नेमक्या मोहाच्या प्रकरणावर थुंकी लावून पानं उलटणाऱ्या अंगठ्यांचे काळे ठसे, बाकी पुस्तक स्वच्छ.

"काका, बघा, संन्याशांची गर्दी!"

"हसून घे, राजे," काका म्हणाले. "वाचणाऱ्याचं काहीतरी मागे राहतंच."

मग ते न कापलेल्या पानांचं पुस्तक आलं. छापून घड्या घातलेल्या कागदाच्या कडा अजून जोडलेल्याच, कापल्याशिवाय पानं उघडणार नाहीत अशा. कुणी कधी वाचलेलंच नाही. काकांनी हाती सुरी दिली. मी पहिली घडी कापली, तर आत कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता, कागदाइतकाच जुना, तपकिरी पडलेला, आणि त्यातून एक तिरका ओरखडा गेलेला. लहानपणी सायकलच्या चेनमध्ये सापडलेल्या माझ्या अंगठ्यावर अगदी तसाच व्रण होता.

"हात धुतले नव्हतेस," काका म्हणाले.

"आत्ता कापलंय, तुमच्यासमोर! माझा हात आत जाईल कसा?"

"मोठ्यांशी हुज्जत घालायची खोडच तुझी. पुढचं काप."

कापलं. त्यांचं थोबाड बंद करायचं म्हणून रागारागाने कापत गेलो. प्रत्येक घडीत तोच ठसा, पुढेपुढे अधिक गडद, अधिक ताजा, आणि शेवटच्या पानावर ओला. काका चकित झाले नाहीत. बाळाच्या दुधावर घालावी तशी त्यांनी वाकून त्यावर हलकेच फुंकर घातली.

संध्याकाळी यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. शर्टाला पुसून पुन्हा ठेवला. लाल दिवा. मागून काकांनी खिशातलं पेन पुढे केलं.

"सही कर. सवय होते."

नोकरी पक्की झाली. माझ्या उजव्या अंगठ्याला आता रेषा नाहीत, व्रणही नाही.