वाळवलेल्या सेलांवरची फ्रेंच

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलत आलो, तेव्हा आता थोडं स्वतःचं. माझा आवाज तुम्हाला जरा जाड आणि संथ वाटेल. त्याला कारण आहे, आणि तेच सांगायचं आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. अंगावर जपानी कंपनीचं नाव आहे, पण जपान मी पाहिल्याचं काही आठवत नाही. सिकंदराबादच्या बाजारातून मला सोमलिंग अप्पांनी उचललं आणि रेल्वेने परळी वैजनाथला आणलं. देवळाच्या वाटेवर त्यांचं किराणा दुकान. श्रावणात भजन लावलं की माणसं थबकतात, आणि थबकलेला माणूस नारळ घेतो, एवढाच त्यामागचा विचार.

दुकानाच्या गच्चीवरून थर्मलची धुराडी दिसायची. साऱ्या महाराष्ट्राला इथून वीज जाते, असं परळीची माणसं पाहुण्यांना छाती फुगवून सांगायची आणि सांगता सांगता लाईट जायची. आमच्या वाट्याला वीज कमी आणि राख जास्त. एकदा वीज अशी काही उसळून आली की माझी आतली जोडणी जळाली. तेव्हापासून मी सेलांवर चालू लागलो.

आता इथे या घराची रीत सांगायला हवी. दुकानात सेलांचं खोकं कायम भरलेलं असायचं, पण त्यातला एकही घरात येत नसे. साखर, चहा, साबण, सगळ्यांचं तेच. फुटलेलं बिस्कीट घरात, अख्खं गिऱ्हाइकाला. अप्पा म्हणायचे की दुकानदार दुकानातलं खायला लागला की दुकान त्याला खातं. त्यामुळे बॅटरीतून उतरलेले सेल माझ्याकडे यायचे. तेही दमले की अप्पांची बायको बसम्मा, म्हणजे घरातल्या सगळ्यांची अव्वा, त्यांना कुरडयांशेजारी गच्चीवर उन्हात वाळत घालायची. ऊन खाल्लं की त्यांच्यात थोडा जीव यायचा. त्या उसन्या जिवावर मी चालायचो. भजन मुळातच संथ असतं, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

मलाही कळलं नाही. आपण हळू चालतोय हे कळायला शेजारी दुसरा कुणी चालणारा लागतो.

अप्पांची मुलगी कावेरी औरंगाबादला कॉलेजात होती आणि तिने फ्रेंच घेतलं होतं. परळीत ही बातमी फुटली तेव्हा दुकानात चार दिवस दुसरा विषय नव्हता. परदेशी कंपन्या येणार, त्यांची भाषा येणाऱ्याला नोकरी मिळणार, असं तेव्हा पेपरात रोज यायचं. आमच्या फळीवरसुद्धा शांपूच्या परदेशी नावांच्या पुड्या लटकू लागल्या होत्या. अप्पांनी त्या पुड्यांकडे बघून परवानगी दिली असावी. कावेरीला मात्र नोकरीपेक्षा त्या भाषेतल्या कविता आवडायच्या. हे तिने अप्पांना सांगितलं नाही, अव्वाला सांगितलं.

शेवटच्या वर्षी दिवाळीला ती आली आणि परत गेली नाही. अव्वाचा खोकला छातीत उतरला होता. कावेरीने सरांना विचारून घरूनच परीक्षा द्यायचं ठरवलं आणि सरांनी तिला काही कॅसेटी भरून दिल्या. सर स्वतः फ्रान्सला गेलेले नव्हते. पाट्यावर चटणी वाटावी तसा एकेक शब्द वाटून वाटून ते शिकवायचे, असं ती सांगायची. असो. मला दुकानातून घरात आणून अव्वाच्या खाटेशी ठेवलं.

त्या हिवाळ्यात मी रोज फ्रेंच बोललो. एका धड्यात एक बाई पाव आणायला भट्टीवर जाते. भट्टीवाला म्हणतो, पाव अजून निघायचाय, थांबा. बाई थांबते, हवापाण्याचं बोलते, शेजारणीची चौकशी करते. आणि तिथेच कॅसेट संपते, कारण सरांकडची फीत तेवढीच होती. कावेरी प्रत्येक वाक्य अव्वाला मराठीत सांगायची. अव्वाला त्या बाईचा लळा लागला.

"लई निवांत बोलती बाई," अव्वा एकदा म्हणाली. "तिच्या घरी कुणी आजारी न्हाई वाटतं."

कावेरी हसली. मग तिने अव्वाला एक कविता वाचून दाखवली. तिच्यात समुद्र होता. अव्वाने समुद्र पाहिलेला नव्हता. माजलगावच्या धरणाएवढा असतो का, असं तिने विचारलं, आणि त्याहून मोठा असतो म्हटल्यावर तिने विषय सोडून दिला. तिला पावाची काळजी होती. धडा संपला की रोज तोच प्रश्न, "मिळाला का गं तिला पाव?" आणि कावेरी म्हणायची, अजून न्हाई अव्वा, पुढची कॅसेट आली की सांगते.

पदवी मिळाली. पुढे हैदराबादला एम.ए. करायचं कावेरीच्या मनात होतं. परळीहून गाडी थेट जाते, पण अप्पांना ते अंतर फार वाटत होतं. त्यांच्याकडे लातूरचं एक स्थळ आलेलं होतं, तेलाचा घाणा असलेलं. शेवटी अव्वानेच तोडगा काढला. हैदराबादची प्रवेशपरीक्षा एकदा द्यायची. जमलं तर हैदराबाद, नाही तर लातूर. अप्पा हो म्हणाले. व्यापाऱ्याचा शब्द असा असतो की तो दोन्ही बाजूंना बांधतो.

परीक्षेच्या आधीच अव्वा गेली. सकाळी गेली, त्या वेळी मी चालूच होतो. ती बाई भट्टीपाशी थांबलेली होती. कावेरीने माझं बटण दाबून मला बंद केलं, मग हाक मारून अप्पांना बोलावलं. जंगम आले. अव्वाला मांडी घालून बसवून, फुलं घालून नेलं, लिंगायतांची रीतच तशी आहे. कावेरी रडली नाही. अप्पाही रडले नाहीत. दुकान उघडलं, माल मोजला गेला, भाकरी झाल्या. मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. काही वाटलं नाही. त्या घरात तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हतं, आणि मी त्याच घरातला होतो.

दिवस उरकले आणि कावेरी परीक्षेला गेली. परत आली ती सरळ दुकानात येऊन तांदळाच्या पोत्यावर बसली. लेखी चांगलं गेलं होतं. मग एका खोलीत टेप लावून प्रश्न विचारले, ते मात्र सगळे कोरे सोडले होते.

"अप्पा, तिथली बाई लई घाईनं बोलत व्हती," ती म्हणाली. "मला एक शब्द कळला न्हाई. मी नुसती बसले."

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. बाजारभाव सांगावा तसं तिने सांगितलं. अप्पांनी घरातून मला मागवलं आणि धडा लावायला सांगितला. मी बोलू लागलो. अप्पांना फ्रेंचचं ओ की ठो कळत नव्हतं, पण इतकी वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस तो. त्यांनी मान तिरकी करून थोडं ऐकलं, माझ्या पाठीचं झाकण उघडलं आणि आतले पांढरे पडलेले, उन्हाने रंग उडालेले सेल हातात घेऊन पाहिले. मग हात वर करून त्यांनी फळीवरचं खोकं काढलं आणि फोडलं. घरासाठी त्या दुकानात फोडलेला तो पहिला माल.

नव्या सेलांवर मी बोललो तेव्हा मी माझा मलाच ओळखू आलो नाही. ती बाई भराभर बोलत होती. आवाज बारीक, तोंडाचा पट्टा चालू, पाव कधी मिळतो असं झालेलं. हैदराबादच्या बाईसारखीच होती ती.

कावेरीने सगळा धडा ऐकला आणि म्हणाली, "ही ती बाई न्हाई."

मग ती रडली. अव्वा गेल्यानंतर पहिल्यांदा, भर दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना. अप्पांनी त्या गिऱ्हाइकाला नंतर या म्हणून घालवलं. मग हातातले जुने सेल त्यांनी गल्ल्यावर ठेवले.

"खोकं भरलेलं व्हतं," अप्पा म्हणाले. "हाताशी व्हतं. लातूरला मी कळवतो, एक साल थांबा म्हणून. माल आपला खराब निघाला, पोरगी न्हाई."

पुढचं वर्षभर अप्पा न मागता खोकी फोडत राहिले. कावेरी त्या घाईच्या बाईशी रोज झुंजली आणि हळूहळू तिच्या पावलाशी पाऊल मिळवून चालू लागली. पुढच्या उन्हाळ्यात तिला हैदराबादला प्रवेश मिळाला. लातूरकर वर्षभर थांबणारे नव्हतेच. ती गेली, पण तिथे सगळी सोय होती, म्हणून मला नेलं नाही.

आता मी घरात, अव्वाच्या खाटेच्या जागी एका स्टुलावर असतो. दुपारी दुकान बंद करून अप्पा जेवायला येतात, गच्चीवरून वाळवलेले जुने सेल आणतात, माझ्यात घालतात आणि पावाचा धडा लावतात. त्यांना अजूनही त्यातलं काही कळत नाही. डोळे मिटून ऐकतात. बाई निवांत बोलते. तिच्या घरी कुणी आजारी नसतं.

या दिवाळीला कावेरी आली. तिला पुढची कॅसेट तिकडच्या ग्रंथालयात मिळाली होती.

"अप्पा, त्या बाईला पाव मिळाला," तिने सांगितलं. "दोन मिळाले. गरम."

अप्पांनी मान हलवली. म्हणाले, "अव्वाला सांगायला पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी कावेरीने मायेने माझ्यात नवे सेल घातले. ती अंघोळीला गेल्यावर अप्पांनी ते काढले, पुसले आणि खोक्यात परत ठेवले.

तर मंडळी, कधी या घरी आलात आणि मी बंद दिसलो, तर दया येऊन माझ्यात काही घालू नका. बिघडलेलो नाही मी. सेल गच्चीवर वाळताहेत. अप्पा जेवायला आले की घेऊन येतील.